दगडावर नाव कोणाचे?

माझ्या लहानपणी घोडपदेवच्या आमच्या चाळीत पाट्याला टाकी लावणारी बाई येत असे. गुळगुळीत झालेल्या पाट्यावर ती छिन्नीने बारीक खाचा पाडी आणि मसाला पुन्हा नीट वाटला जाई. दर टाकीबरोबर पाटा थोडा झिजे. आजीचा पाटा आईकडे आला तेव्हा त्याची मूळ जाडी कोणालाच आठवत नव्हती. निएंडरथल मानवाच्या हत्यारांविषयी वाचताना मला तो पाटा आठवतो, कारण या विषयातला एक मोठा वाद झिजेचाच आहे.

फ्रेंच संशोधक फ्रांस्वा बोर्द यांनी मध्य पुराश्मयुगीन छिलका-हत्यारांचे ६३ प्रकार ठरवले. एकधारी तासणी वेगळी, दुधारी वेगळी, टोकाशी मिळणाऱ्या दोन धारांची आणखी वेगळी. प्रकारांचे प्रमाण जिथे बदलते तिथे माणसांचा गट बदलला, असे त्यांचे म्हणणे. लुइस बिनफर्ड यांनी त्याला हरकत घेतली : गट नव्हे, काम बदलले असेल. पुढे १९८०च्या दशकात हॅरॉल्ड डिबल यांनी साधा प्रश्न विचारला. बोथट झालेली तासणी पुन्हा पुन्हा धार लावून वापरली, तर एका ‘प्रकारा’तून दुसरा ‘प्रकार’ तयार होणार नाही का? म्हणजे आपण ज्याला घडवणाऱ्याच्या मनातला आकार समजतो, तो कित्येकदा फेकून देतेवेळी उरलेला आकार असतो. मला हा आक्षेप बराचसा पटतो. मात्र तो सर्वत्र लागू होत नाही. लव्हाल्वा पद्धतीत दगडाचा गाभा आधी कडेने तासून कासवाच्या पाठीसारखा फुगीर करतात आणि मग एका घावात हवा तसा छिलका काढतात. तिथे आकार घाव घालण्यापूर्वीच ठरलेला असतो.

हे लव्हाल्वा म्हणजे पॅरिसचे एक उपनगर. आपल्याकडेही उपनगरच आहे. टॉड या नौदल अधिकाऱ्याने कांदिवलीच्या थरांतून गोळा केलेली अश्महत्यारे १९३९ साली शोधनिबंधातून जगापुढे मांडली. त्यांच्या वर्णनात मात्र युरोपातल्या परंपरांची नावे येतात. दगड इथला, चौकट तिथली. यात टॉड यांना दोष देण्यात अर्थ नाही; त्या काळी दुसरी चौकट हाताशी नव्हती. पण नावाबरोबर न तपासलेले गृहीतही आत येते, हे वाचकाने लक्षात ठेवायला हवे.

ह. धी. सांकलिया यांचे मोठेपण मला इथे दिसते. ज्ञानेश्वरी जिथे सांगितली गेली त्या नेवाशात, प्रवरेच्या काठी, १९५४पासून त्यांनी उत्खनन केले. खालच्या वाळूगोट्यांच्या थरात काळ्या पाषाणाच्या हातकुऱ्हाडी, तर वरच्या थरात जास्पर, अकीक अशा गारेच्या दगडांच्या छोट्या तासण्या आणि टोचण्या. या दुसऱ्या परंपरेला नेवाशाचेच नाव मिळाले. गावाचे नाव फक्त ‘कुठे’ ते सांगते. ‘तासणी’ हे नाव ‘कशासाठी’ ते सांगू पाहते आणि तिथे फसू शकते. सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलेल्या युरोपातल्या कित्येक तासण्यांच्या धारेवर लाकूडकामाच्या खुणा सापडल्या आहेत, कातडे तासल्याच्या नव्हेत. आणि ‘कोणी’ हे सांगणारे नाव सर्वांत धोक्याचे.

नेवाशाच्या तासण्या निएंडरथलांच्या तासण्यांसारख्या दिसतात, म्हणून आपल्याकडे निएंडरथल होते, असे विधान मोहात पाडते. पण भारतात निएंडरथलाचे एकही हाड मिळालेले नाही. नर्मदेकाठी हथनोऱ्याला १९८२ साली सापडलेली कवटी कोणत्या मानवाची, यावर एकमत नाही. शिवाय इस्रायलमधल्या गुहांत निएंडरथल आणि आपले पूर्वज, दोघांच्याही अवशेषांसोबत त्याच धाटणीची हत्यारे मिळाली आहेत. हत्यारावरून हात ओळखता येत नाही. उलट सगळ्यांना एकाच ‘आदिमानव’ शब्दात कोंबण्याची आपली सवयही तितकीच सैल. लाखो वर्षे आणि अनेक मानवजाती त्या एका शब्दात हरवतात.

हा केवळ परिभाषेचा काथ्याकूट नाही. इथला मूळ माणूस कोण, हा प्रश्न मुंबईत अधूनमधून तापतो आणि पुरावा म्हणून कोणी तरी दगडापर्यंत पोहोचतोच. आमच्या चाळीत कोकणातले होते, घाटावरचे होते. पाटे सगळ्यांचे सारखेच दिसत. नुसता पाटा पाहून घर कोणाचे, हे टाकीवालीलाही सांगता आले नसते. कांदिवलीचा दगड कोणाचाही सातबारा नाही. तो कुठे सापडला, कोणत्या थरात, कसा फोडला आणि किती झिजला, एवढे तो सांगतो. पुढचे नाव आपण घालतो, आणि ते आपण घातले आहे हे कबूल करणे, ही या विषयावर लिहिणाऱ्याची पहिली जबाबदारी आहे.