‘कासुला’ : व्युत्पत्ती आणि प्रतीकार्थ

रोमन कॅथलिक धर्मगुरू मिस्सा अर्पण करताना सर्वांत वर जे बिनबाह्यांचे सैल वस्त्र परिधान करतो, त्यास लॅटिनमध्ये ‘कासुला’ अशी संज्ञा आहे. ‘कासा’ म्हणजे झोपडी वा घर. त्यास लघुत्वदर्शक प्रत्यय लागून ‘कासुला’, म्हणजे ‘लहानसे घर’, हा शब्द सिद्ध होतो. माणसाचे सर्वांग झाकणारे वस्त्र म्हणून हे नाव, असे स्पष्टीकरण सेव्हिलचा इसिदोर (मृत्यू 636) याने दिले आहे. पुढे 9व्या शतकात ह्राबानुस माउरुसने या वस्त्रास ख्रिस्ती प्रीतीचे प्रतीक ठरविले. या परंपरेमुळे हा शब्द मुळातच उपासनाविधीतील असावा, असा समज सहज होतो. तो ग्राह्य मानता येत नाही.

ऑगस्टीनने सुमारे 426 मध्ये पूर्ण केलेल्या ‘देवाचे नगर’ या ग्रंथाच्या 22व्या खंडात हिप्पो येथील एका गरीब शिंप्याची हकिगत आहे. त्याची कासुला हरवली असून दुसरी घेण्यास त्याच्यापाशी पैसे नाहीत. येथे कासुला हे उघडच सामान्य माणसाचे पांघरूण आहे. खुद्द इसिदोरही तिला केवळ टोपडे असलेले वस्त्र म्हणतो. धर्मगुरूंचा उल्लेख करीत नाही. उलट, त्याच्याच अध्यक्षतेखाली 633 मध्ये भरलेल्या तोलेदोच्या चौथ्या धर्मपरिषदेत धर्मगुरूच्या वस्त्रास ‘प्लानेता’ हा निराळा शब्द योजला आहे. 742 च्या फ्रँकिश धर्मपरिषदेने मात्र धर्मगुरूंनी गृहस्थांप्रमाणे ‘सागुम’ न वापरता कासुला वापरावी, असा दंडक घातला. सर्वांचे वस्त्र येथे एका वर्गाची खूण बनू लागले.

शिवाय, ‘लहानसे घर’ या व्युत्पत्तीने सर्वच रूपांचा उलगडा होत नाही. फ्रेंच ‘शाझ्यूब्ल’मधील ‘ब’ हा ‘कासुला’पासून नियमित ध्वनिपरिवर्तनाने निघत नाही, त्यासाठी ‘कासुब्ला’ हे उत्तरकालीन रूप गृहीत धरावे लागते.

संस्कृत ‘काषाय’ हा शब्दही आरंभी तांबूस रंगाचा वाचक; भिक्षूंच्या अंगावर आल्याने तो वस्त्राचा व विरक्तीचा वाचक झाला. तात्पर्य, पावित्र्य धातूत वा प्रत्ययात नसते. ते वापरातून शब्दास चिकटते. म्हणून प्रतीकार्थास व्युत्पत्तीचा पुरावा मानणे म्हणजे कार्यालाच कारण समजणे होय.