मलफूजात, खाका आणि आपल्या मुलाखती

एखादे विद्वान निवर्तले की आपल्याकडे स्मृतिविशेषांक निघतो. शिष्य, सहकारी, घरची माणसे यांच्या मुलाखती घेतल्या जातात. मोबाइलमुळे ध्वनिमुद्रण सोपे झाले आहे. तरीही अंक वाचून संपला तरी तो माणूस डोळ्यांपुढे उभा राहत नाही. सगळेच उस्ताद साधे, निगर्वी आणि ज्ञानाचा सागर असतात. हदीस स्वीकारण्यापूर्वी सांगणाऱ्यांची सनद तपासणाऱ्या परंपरेत आपण वाढलो. म्हणून असे का होते, हे आपण तरी विचारले पाहिजे.

या कामाचा उत्तम नमुना आपल्याच परंपरेत आहे. दिल्लीच्या हजरत निजामुद्दीन औलियांच्या मजलिशींतील संभाषणे अमीर हसन सिज्जी यांनी १३०८ ते १३२२ या काळात फारसीत टिपून ठेवली. तोच ‘फवाइद-उल-फुआद’ हा ग्रंथ. हसन पुढे दौलताबादला आले आणि खुलताबादेत दफन झाले. त्यांच्या ग्रंथात मजलिशीची तारीख आहे, विचारणारा आहे, त्याचा प्रश्नही आहे. त्याहून महत्त्वाची गोष्ट म्हणजे, जे नीट आठवले नाही तिथे हसन यांनी जागा कोरी सोडली होती. पुढे त्यांनी ते कागद शेखांना दाखवले, तेव्हा शेखांनी त्या जागा स्वतः भरून दिल्या. स्वतःच्या मनाने काहीही न भरण्याचा हा संयम म्हणजेच संशोधकाची नीती होय.

हा संयम सुटला की काय होते, याचाही पुरावा आहे. चिश्ती पिरांच्या नावावर खपणारे कितीतरी मलफूजात नंतरच्या लोकांनी रचलेले आहेत, हे इतिहासकार मुहम्मद हबीब यांनी १९५० साली दाखवून दिले. त्या बनावट ग्रंथांत चमत्कार भरपूर आहेत, माणूस मात्र हरवला आहे. आपल्या गौरवपर मुलाखतींचेही तेच होते.

याउलट मिर्झा फरहतुल्लाह बेग यांनी आपले उस्ताद डेप्युटी नजीर अहमद यांच्यावर लिहिलेला खाका पाहावा. मशिदीत राहून शिकणारा गरीब मुलगा घरोघर जाऊन भाकरी गोळा करी. मौलवींच्या घरी मसाला वाटताना तिथली लहान मुलगी त्याच्या बोटांवर बत्ता मारी, आणि तीच पुढे त्याची पत्नी झाली. हे स्वतः नजीर अहमद यांनीच शिष्याला सांगितलेले आहे. शिष्यानेही उस्तादांची काटकसर आणि पैशाचा व्यवहार लपवला नाही. एवढे सांगूनही आदर तसूभर कमी होत नाही. उलट विद्वत्ता कोणत्या परिस्थितीतून घडली, ते कळते.

मौलवी अब्दुल हक यांचे ‘चंद हमअस्र’ आणखी एक पाऊल पुढे जाते. सर सय्यद यांच्यासारख्या थोरांच्या पंगतीत त्यांनी औरंगाबादच्या (आजच्या छत्रपती संभाजीनगरच्या) मकबऱ्यातील नामदेव माळ्याला बसवले. खालच्या मानलेल्या जातीचा हा माणूस रोपांवर पोटच्या मुलांसारखी माया करी, आणि काम करीत असतानाच मधमाश्यांच्या हल्ल्यात मरण पावला. विद्वानाने कोणाकडे पाहिले, हाही त्याचा वारसाच असतो.

या तिन्ही कृतींच्या कसोटीवर आपल्या मुलाखती उतरत नाहीत. आपण छापताना प्रश्न गाळतो. मतभेद वगळतो. उस्तादांची बेगम दखनीत काही खरे बोलून जाते, तर तिच्या तोंडी आपण ‘त्यांचे जीवन त्यागाचा आदर्श होते’ असले छापील वाक्य घालतो. तिने रात्री जागून पाहुण्यांचा स्वयंपाक केला, पुस्तकांसाठी दागिने मोडले, हे तिच्याच बोलीत आले असते तर विद्वत्तेची किंमत कोणी चुकवली, ते कळले असते.

मुस्लिम समाजाबद्दल बाहेरचे लोक आधीच इतके काही बोलतात, की आपण आपली माणसे निर्दोष दाखवू पाहतो. ही भीती समजण्यासारखी आहे. पण निर्दोष पुतळ्याकडून पुढची पिढी काही शिकत नाही. ती फक्त हार घालते. आज ऐंशीच्या घरात असलेले शिष्य आणि लेकी-सुना आणखी किती दिवस सांगायला असतील? त्यांच्याकडे जावे, तारीख लिहावी, प्रश्न जसाच्या तसा ठेवावा, बोली बदलू नये. आणि जे त्यांना आठवणार नाही, तिथे हसन सिज्जींसारखी जागा कोरी सोडावी.