नोंद आहे, साल नाही

लिनक्स संगणक आपली रोजनिशी स्वतःच लिहितो. कोणी प्रवेश केला, कोणती सेवा बंद पडली, डिस्क वाचताना कुठे अडली, हे सारे तिच्यात उतरते. यामागची 'सिसलॉग' ही व्यवस्था एरिक ऑलमन यांनी १९८० च्या दशकात बर्कली येथे 'सेंडमेल' या टपालप्रणालीसाठी रचली.

तिची मांडणी सुटसुटीत आहे. संरचनेच्या फाइलीतील नियमाच्या ओळीत डावीकडे कोणते संदेश घ्यायचे आणि उजवीकडे ते कोठे लिहायचे, एवढेच असते. संदेशाची तीव्रता ० ते ७ अशा आठ पायऱ्यांत मोजतात. ० सर्वांत गंभीर. एका पायरीचे नाव लिहिले, की तिच्याहून गंभीर संदेशही आपोआप येतात. फळ्यावर एका तासिकेत समजावता येईल अशी ही रचना आहे.

पण नोंदीच्या सुरुवातीलाच उणीव आहे. जुन्या पद्धतीत महिना, दिनांक आणि वेळ असते. वर्ष नसते, कोणत्या देशाची वेळ तेही नसते. प्रयोगवहीत विद्यार्थ्याने साल लिहिले नाही तर आपण वही परत करतो. मग संगणकाला ही सवलत का?

जुन्या नोंदी काही आठवड्यांनी पुसल्याच जातात, असे याचे समर्थन केले जाते. ते आम्हांला पटत नाही. समजा, शाळेच्या संगणकावरील गुणांच्या फाइलीत फेरफार झाला आणि जपून ठेवलेल्या नोंदींत 'मार्च १२' एवढेच सापडले. ते यंदाचे की गेल्या वर्षीचे? अशा पुराव्यावर एखाद्या मुलावर ठपका ठेवणे अन्यायाचे ठरेल.

२००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आरएफसी ५४२४ या प्रमाणकात वर्ष आणि कालविभाग दोन्ही आले. तरीही अनेक लिनक्स वितरणांनी जुनाच साचा पुढे चालवला. डेबियनने तो २०२३ च्या बाराव्या आवृत्तीत बदलला.

जुन्या संगणकावर उपाय सोपा आहे. 'आरसिसलॉग'च्या मुख्य संरचना-फाइलीत 'ट्रॅडिशनल फाइल फॉरमॅट' असा उल्लेख असलेली ओळ शोधावी, तिच्या आरंभी # हे चिन्ह घालावे आणि सेवा पुन्हा सुरू करावी. नव्या नोंदी पूर्ण तारखेने येऊ लागतील. जुन्यांना मात्र साल मिळणार नाही. म्हणून हे काम शिक्षकांनी लांबणीवर टाकू नये.