बाहुला, बाहुली, बाहुले: ग्रीअर लँक्टन ह्यांची कला व लहान दालने

ग्रीअर लँक्टन (१९५८–१९९६) ह्या अमेरिकन पारलिंगी कलावंत स्त्रीच्या बाहुल्यांविषयीचे बरेचसे विवेचन शस्त्रक्रियेपासून सुरू होते. १९७९ साली लँक्टन ह्यांच्यावर लिंगबदलाची शस्त्रक्रिया झाली. सबब त्यांनी घडविलेले प्रत्येक शरीर हे त्यांच्याच शरीराचे निवेदन होय, असा हा युक्तिवाद. तो सकृद्दर्शनी पटतो, परंतु कलाकृतीपाशी पोहोचण्यापूर्वीच थांबतो.

ह्या बाहुल्या प्रथम कोठे पाहिल्या गेल्या, हे येथे महत्त्वाचे ठरते. न्यूयॉर्कच्या ईस्ट व्हिलेज भागात 'आइन्स्टाइन्स' हे कपड्यांचे लहानसे दुकान लँक्टन ह्यांचे पती पॉल मनरो चालवीत. १९८० नंतरच्या दशकात त्याच्या दर्शनी काचेत ह्या बाहुल्या मांडल्या जात: तारेचा सांगाडा, वर कापड, काचेचे डोळे, रंगविलेली कांती. रस्त्याने जाणाऱ्याला आधी बाहुली दिसे. कलावंताचे चरित्र, कळलेच तर, मागाहून. शिवाय ह्या बाहुल्या पुऱ्या झालेल्या नसत. 'सिसी' ह्या बाहुलीत तर लँक्टन वर्षानुवर्षे फेरफार करीत राहिल्या. संग्रहालयाच्या नोंदवहीला कलाकृतीचे एक साल हवे असते. दुकानाच्या काचेला त्याची गरज नसते.

मराठी भाषकाला हा प्रश्न अधिक जवळून दिसावा. बाहुला, बाहुली, बाहुले अशी तिन्ही रूपे आपल्याकडे नांदतात. 'बाहुले' म्हणताना कसलीही उणीव सूचित होत नाही. तिसऱ्या लिंगाला वैयाकरणांनी दिलेले नाव मात्र उणिवेचेच आहे. त्याहून लक्षणीय गोष्ट प्रयोगाची. 'ते आले', 'त्या आल्या' येथे क्रियापद कर्त्याचे लिंग उघड करते. 'त्यांनी बाहुली घडविली' ह्या कर्मणि रचनेत ते बाहुलीमागे जाते; घडविणारी व्यक्ती स्त्री, पुरुष की ह्या द्वैतात न बसणारी, ह्याविषयी वाक्य मौन पाळते. स्त्री-पुरुष द्वैताबाहेरच्या कलावंतांविषयी मराठीत लिहिणाऱ्यांची अडचण ह्याने पुरती सुटत नाही, कारण कलावंत केवळ घडवीत नाही, येतो-जातोही. तरी समीक्षेपुरती एक सोय व्याकरणातच आहे: कृतीविषयी बोलावे.

लहान दालनांनी हेच साधले, असे सरसकट म्हणता येत नाही. पिट्सबर्ग येथे गाद्यांच्या जुन्या वखारीत १९७७ साली उभ्या राहिलेल्या 'मॅट्रेस फॅक्टरी' ह्या संस्थेत लँक्टन ह्यांनी १९९६ साली आपल्या राहत्या घराची प्रतिकृती मांडली. बाहुल्या, औषधांच्या बाटल्या, आराध्य व्यक्तींची देवघरे. 'इट्स ऑल अबाउट मी, नॉट यू' हे तिचे नाव. चरित्रवादी समीक्षक त्यातील पूर्वार्ध उचलतात. उत्तरार्ध ज्याला उद्देशून आहे तो प्रेक्षक आपणच, हे त्यांच्या ध्यानी येत नाही. थोड्याच आठवड्यांत, १८ नोव्हेंबर रोजी, लँक्टन निवर्तल्या. २००९ पासून ही मांडणी तेथे कायम आहे. २०१४ साली न्यूयॉर्कच्या 'पार्टिसिपंट' ह्या लहान विनानफा दालनाने 'लव्ह मी' हे प्रदर्शन भरवून त्यांच्या एकूण कामाकडे पुन्हा लक्ष वेधले.

मोठ्या संग्रहालयांच्या आधी ही जबाबदारी अशा अल्पसाधन संस्थांनी उचलली, हे त्यांचे निर्विवाद श्रेय. परंतु जतनाची किंमतही आहे. जी शरीरे त्यांच्या कर्त्रीने पुनःपुन्हा उसवली व शिवली, त्यांना आता कोणी हात लावणार नाही. १९९६ च्या शरद ऋतूत ती जशी होती, तीच त्यांची अंतिम रूपे मानली जातील. निदान नामफलकावर तरी एका सालाऐवजी फेरफारांचा सारा कालखंड नोंदविला जावा.