सुंदर गाव, पण कुणासाठी? : मिल्टन ॲबसच्या निमित्ताने

आज इंग्लंडच्या डॉर्सेटमधलं एक छोटं खेडं बघू या, मिल्टन ॲबस. दरीतून वळत जाणारा एकच रस्ता, दोन्ही बाजूंना गवताने शाकारलेली, पांढऱ्या भिंतींची, एकसारखी घरं. फोटो बघितला की तोंडून ‘वा!’ निघतंच. माझ्याही निघालं होतं. पण इथे जरा थांबायला हवं.

खेडं असं एकसारखं वाढत नाही. कुणाचा गोठा पुढे येतो, कुणाची भिंत वाकडी जाते. इथे तसं काही नाही, कारण हे गाव वाढलेलं नाही, ते १७८०पासून आखून बसवलेलं आहे. मूळ गाव मिडलटन. शेजारच्या मठाच्या आधाराने मध्ययुगात वाढलेलं, बाजारपेठेचं, शाळा असलेलं. जोसेफ डेमर ऊर्फ लॉर्ड मिल्टन यांनी मठाची जागा घेतली, विल्यम चेंबर्सकडून वाडा बांधून घेतला, ‘कॅपेबिलिटी’ ब्राऊनकडून भोवतीचं उद्यान आखून घेतलं. मग वाड्याच्या दारातलं गाव त्यांना खुपायला लागलं. भाडेपट्टे संपत गेले तशी घरं पाडत गेले. विल्यम हॅरिसन नावाचा वकील हटेना, तेव्हा त्याच्या घरात पाणी सोडलं, असं सांगतात. तो कोर्टात गेला आणि जिंकलाही. गाव मात्र वाचलं नाही.

आता पुन्हा त्या घरांकडे बघा. बाहेरून प्रशस्त वाटणारं एकेक घर मुळात दोन कुटुंबांसाठी होतं, मधलं पुढचं दार सामाईक. म्हणजे दर्शनी बाजूला ऐसपैसपणा आणि आत वाटणी. मला वाटतं, या वास्तुरचनेची खरी कसोटी इथेच लागते. रस्त्यावरून जाणाऱ्याच्या नजरेचा विचार जितका झालाय, तितका आत राहणाऱ्याचा झालेला नाही.

वृद्ध गरिबांसाठी १६७४ साली बांधलेली इमारत मात्र उचलून नव्या गावात आणून उभी केली. मठाचं जुनं चर्च वाड्याशेजारीच राहिलं, गावाला १७८६ साली वेगळं चर्च मिळालं. काय हलवायचं, काय ठेवायचं, हे सगळं एकाच माणसाने ठरवलं.

दुसरी बाजूही सांगायला हवी. घरं पक्की होती. सव्वादोनशे वर्षं उलटून गेली, लोक अजून त्यांत राहताहेत. म्हणून याला नुसता जुलूम म्हणून मोकळं होता येत नाही. पण ‘आदर्श गाव’ हा शब्द मी वापरणार नाही. आपल्याकडे त्यासाठी नेमका शब्द आहे, पुनर्वसन. तो शब्द वापरला की पुढचा प्रश्न आपोआप येतो : आधी उठवलं कुणी? हा प्रश्न मनात ठेवून तो रस्ता बघा. सुंदर तो तरीही दिसेल. पण घरांमधल्या त्या सारख्या अंतराकडे नजर वेगळ्या तऱ्हेने जाईल.