मराठी धर्मपरिभाषेतील 'तारण' : यहुदी व ख्रिस्ती कल्पनांचा भेद

अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) जिल्ह्याच्या राहाता तालुक्यात गोदावरीकाठी पुणतांबे वसले आहे. चांगदेवांचे समाधिस्थान म्हणून त्याची ख्याती असून अहिल्याबाई होळकरांनी बांधविलेला घाट तेथे आहे. अशा गावाला मराठी माणूस 'तीर्थ' म्हणतो. हा शब्द 'तॄ' या संस्कृत धातूपासून आला आहे. तीर्थ म्हणजे नदी पार करण्याची जागा, उतार. त्याच धातूपासून 'तारण' व 'तारक' हे शब्द निघाले, आणि 'अव' हा उपसर्ग लागून 'अवतार' हाही त्यातूनच सिद्ध झाला. वरून खाली उतरणारा आणि ऐलतीराहून पैलतीरास नेणारा, या दोन कल्पना मराठीत एकाच मुळाच्या आहेत. शब्दांचे हे नाते व्याकरणापुरते कुतूहलाचे वाटेल. परंतु बायबलातील धर्मविचार मराठीत आला तेव्हा या नात्याने एका धर्माचे काम सोपे केले आणि दुसऱ्याचे अवघड, ही गोष्ट आजवर पुरेशी लक्षात घेतली गेलेली नाही.

यहुदी आणि ख्रिस्ती या दोन्ही धर्मांचे अनुयायी मराठी भाषक आहेत, ही महाराष्ट्राची एक विशेष स्थिती होय. कोकणातील बेने इस्राएल, ज्यांना शनिवारी घाणा बंद ठेवीत म्हणून 'शनिवार तेली' म्हटले जाई, त्यांची घरची भाषा पिढ्यान्‌पिढ्या मराठीच होती. दुसरीकडे नगर येथे अमेरिकन मराठी मिशनने 1831 मध्ये ठाणे घातले आणि पुढे गोदावरी-प्रवरेच्या खोऱ्यांत ख्रिस्ती वस्ती वाढली. पुणतांब्यापासून फार दूर नसलेल्या हरेगावी मरियेच्या यात्रेला लोक आजही लोटतात व तिला 'मतमाउली' म्हणतात. ज्ञानदेवांना लावलेले 'माउली' हे नाव येथे सहजपणे परक्या परंपरेतील मातेला लाभले आहे.

या दोन समाजांची मराठी परिभाषा मात्र स्वतंत्रपणे घडलेली नाही. जॉन विल्सन या स्कॉटिश मिशनऱ्याने 1832 मध्ये मराठीतून हिब्रू व्याकरण लिहिले ते प्रामुख्याने बेने इस्राएलांसाठी. पवित्र शास्त्राचे मराठी भाषांतरही त्यांच्या हाती प्रथम पडले ते मिशनऱ्यांचेच. त्यांनी ते घेतले, त्यावर मुलांना शिकविले, आणि धर्मांतर मात्र फार थोड्यांनी केले. पुढे जोसेफ इझिकेल राजपूरकर यांच्यासारख्या विद्वानाने हिब्रू प्रार्थनाग्रंथ मराठीत आणले. पुण्यात 1874 साली वल्हांडणाच्या रात्री वाचावयाची हग्गादा मराठी भाषांतरासह व चित्रांसह छापली गेली. 1880 मध्ये मुंबईत बेने इस्राएलांचे कीर्तनोत्तेजक मंडळ निघाले आणि अब्राहाम, योसेफ, मोशे यांची आख्याने टाळ-मृदंगाच्या साथीने होऊ लागली. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात नगरकडचे ख्रिस्तीही कीर्तन करू लागले होते. आख्यान तेच, साकी-दिंडी तीच, देवाला हाक मारण्याचे शब्दही तेच. अशा स्थितीत दोहोंचा धर्मविचार एकच, किंवा एक अपुरा व दुसरा पुरा, असा समज मराठी वाचकाने करून घेतला तर त्याचा दोष सर्वस्वी त्याचा नव्हे.

या समजाचे मूळ ग्रंथाच्या नावापासूनच सुरू होते. 'जुना करार' हे नाव नव्या कराराच्या अपेक्षेने दिलेले आहे. यहुदी माणूस आपल्या शास्त्राला जुने म्हणत नाही, कारण त्याचा करार चालू आहे. ग्रंथांचा क्रमही निराळा. हिब्रू परंपरेत शास्त्राचा शेवट इतिहासाच्या पुस्तकाने होतो आणि पारसिक राजा कोरेश याने बंदीवासातील लोकांना यरुशलेमास जाण्याची मोकळीक दिली, हे त्यातील अखेरचे वृत्त होय. ख्रिस्ती क्रमात मलाखी हा संदेष्टा शेवटी येतो व एलीयाच्या आगमनाचे वचन देऊन थांबतो. पहिल्या क्रमाने वाचणारा घराकडे परततो. दुसऱ्या क्रमाने वाचणारा पान उलटून मत्तयाकडे जातो. फादर स्टीफन्सच्या 1616 मध्ये रायतूर येथे छापलेल्या ख्रिस्तपुराणाचे 'पहिले' व 'दुसरे' असे दोन भाग आहेत. तेथे इस्राएलचा इतिहास म्हणजे येणाऱ्या तारकाची पूर्वपीठिका होय. काव्य या दृष्टीने ही रचना भव्य आहे यात शंका नाही. तथापि याच गोव्यात, यहुदी आचार पाळल्याचा ठपका ठेवून, गार्सिया द ओर्ता या वैद्याच्या अस्थी त्याच्या मृत्यूनंतर बारा वर्षांनी, 1580 मध्ये, उकरून जाळण्यात आल्या होत्या, ही घटना ख्रिस्तपुराणाच्या अभ्यासकाने दृष्टिआड करू नये. पूर्वपीठिका ठरविलेला समाज काव्याबाहेर जिवंत होता.

ईश्वरकल्पनेतील भेद एका वाक्याभोवती फिरतो. 'शेमा' या प्रार्थनेत देव एक आहे असे इस्राएल उच्चारतो. बेने इस्राएलांची इतर हिब्रू प्रार्थना लोपली असतानाही हेच वाक्य त्यांच्या ओठी राहिले आणि जन्मापासून मृत्यूपर्यंतच्या सर्व प्रसंगी तेच म्हटले जाई, अशी त्यांची परंपरा सांगते. मैमोनिडीसने (1138–1204) आपल्या तेरा तत्त्वांत देवाचे एकत्व व अशरीरत्व यांना आरंभीच स्थान दिले. ख्रिस्ती धर्मही एकेश्वरवादी आहे व शेमा त्यालाही मान्य आहे; परंतु इ. स. 325 च्या नायसिया येथील धर्मपरिषदेने पुत्राला पित्याशी एकतत्त्व ठरविले आणि 451 मध्ये काल्सेदोन येथे तो पूर्ण देव व पूर्ण मनुष्य असल्याचे निश्चित झाले. यहुद्याच्या दृष्टीने हा एकत्वाचा भंग होय. ख्रिस्ती माणसाच्या दृष्टीने एकत्वाचेच गूढ होय. मराठीत या वादाला एक तिसरीच अडचण आली. 'त्रिमूर्ती' शब्द टाळण्यासाठी ख्रिस्ती लेखकांनी 'त्रैक्य' घडविला. मात्र देवाने देह धारण केला हे सांगताना 'अवतार' शब्दाचा मोह सुटणे कठीण होते. अवतार पुनःपुन्हा होतात, ख्रिस्ताचे देहधारण एकदाच. हा फरक मिशनऱ्यांनी कितीही बजावला तरी श्रोत्याला मुख्य गोष्ट पटलेलीच असे. देव माणूस होऊ शकतो, याविषयी गोदाकाठच्या श्रोत्याला शंका नव्हतीच. बेने इस्राएल कीर्तनकाराला मात्र त्याच भाषेत, त्याच श्रोत्यांच्या शेजारी राहून, देव कधीही माणूस होत नाही हे सांगावयाचे होते. त्याचा विरोध ख्रिस्ती शेजाऱ्याशी होता तितकाच मराठी भाषेच्या स्वभावाशीही होता.

आता मूळ शब्दाकडे वळावे. मराठीत ज्याला 'तारण' म्हटले जाते त्यासाठी हिब्रूत एकच शब्द नाही. 'येशुआ' म्हणजे संकटातून सुटका. तिच्या मुळाशी अडचणीतून मोकळ्या जागेत येण्याची कल्पना आहे असे मानले जाते. येशूचे नाव याच धातूचे. 'गेऊला' हा शब्द कुळकायद्यातला म्हणावा असा आहे. गरिबीमुळे नातलगाने विकलेली जमीन, किंवा गुलामीत गेलेला नातलग, पैसे भरून सोडवून आणणारा जवळचा आप्त म्हणजे 'गोएल'. रूथच्या कथेतील बवाज हा असा गोएल आहे. मराठीत गहाण 'सोडवतात', त्या क्रियापदाला हा अर्थ फार जवळचा आहे. देव इस्राएलचा गोएल आहे म्हणजे तो परका उपकारकर्ता नसून करारामुळे नात्यात बांधला गेलेला आहे. ही सुटका लोकसमूहाची आहे, याच भूमीवरची आहे आणि मिसरातून निघालेल्या लोकांना स्वतःच्या पायांनी समुद्र ओलांडावा लागला आहे. मृत्यूनंतरचे जग यहुदी धर्म मानतो, परंतु त्या जगात वाटा मिळण्यासाठी यहुदी होणे त्याला आवश्यक वाटत नाही. इतर राष्ट्रांतील नीतिमानांनाही तेथे स्थान आहे. बेने इस्राएलांनी शेजाऱ्यांना आपल्या धर्मात आणण्याची खटपट कधी केली नाही, याचे एक कारण या तत्त्वात सापडते.

ख्रिस्ती विचारात व्यक्तीच्या पापाचा प्रश्न अग्रभागी येतो. ऑगस्टीनने (354–430) आदामाचे पाप सर्व मानवजातीला जन्मतःच लागले असल्याचे मांडले. असे असेल तर ज्याचे ऋण आहे त्याला ते फेडणे अशक्य होते. मार्काच्या शुभवर्तमानात पुष्कळांसाठी जीव देण्याविषयी जो ग्रीक शब्द येतो, त्याला मराठी बायबलात 'खंडणी' असा प्रतिशब्द मिळाला. मराठ्यांच्या इतिहासावर पोसलेल्या वाचकाच्या कानाला हा शब्द विचित्र लागतो. खंडणी कोणाला दिली, हा प्रश्न त्याच्या मनात लगेच उभा राहतो. गंमत अशी की, हाच प्रश्न जुन्या ख्रिस्ती आचार्यांनाही पडला होता. सैतानाला दिली, असे काहींचे उत्तर होते. अकराव्या शतकाच्या अखेरीस अँसेल्मने ते नाकारून देवाच्या अवमानाची भरपाई अशी उपपत्ती मांडली. मराठी 'तारण' शब्दाचा सावकारी अर्थ, म्हणजे कर्जासाठी ठेवलेली हमीची वस्तू, या उपपत्तीशी अनपेक्षितपणे जुळतो. भाषांतरकारांनी तो योजून आणला असेल असे वाटत नाही. यहुदी परंपरेत मात्र आदामाच्या पापाचा असा वारसा नाही. माणसात बरी व वाईट अशा दोन्ही प्रवृत्ती आहेत, आणि वाईट प्रवृत्तीवर मात करणे त्याला अशक्य नाही.

येथवर मराठी शब्द ख्रिस्ती कल्पनेला अधिक अनुकूल दिसतात. 'प्रायश्चित्त' या शब्दापाशी हे गणित उलटते. धर्मशास्त्राप्रमाणे प्रायश्चित्त ज्याचे त्यानेच घ्यावयाचे असते. दुसऱ्याने केलेले प्रायश्चित्त हा मराठी कानाला जवळजवळ वदतोव्याघात आहे. लेवीय पुस्तकातील प्रायश्चित्ताच्या दिवसासाठी हा शब्द शोभतो, वधस्तंभाच्या संदर्भात तो ताणावा लागतो. 'पश्चात्ताप' शब्दाचीही अशीच गोष्ट. हिब्रू 'तेशुवा' म्हणजे परतणे, ग्रीक 'मेतानोइया' म्हणजे मन बदलणे. मराठीने दोन्हींसाठी मागाहून होणारा ताप पत्करला. यहुदी शिकवणीत तेशुवा ही तापापेक्षा कृती आहे. ज्याचा अपराध केला त्याची समजूत घातल्याखेरीज देवाची क्षमा त्या अपराधाला लागू होत नाही.

बेने इस्राएलांनी या दिवसाला दिलेले जुने मराठी नाव 'दरफाळणीचा सण' असे होते. दारे बंद करून, पांढरी वस्त्रे नेसून, इतरांचा स्पर्श टाळून, उपास करीत तो पाळला जाई. वल्हांडणाला 'अनशी डाकाचा सण' म्हणत. 'अनस' हे आंबट कालवणाचे भांडे त्या दिवसांत झाकून ठेवीत. हिब्रू ग्रंथ हाताशी नसताना, मिसरातून सुटका झाल्याची कथा विस्मरणात गेलेली असताना, धर्माचा गाभा आचारात टिकून राहिला. तारणाचा सिद्धांत नसलेली, पण तारणाचे दिवस न चुकता पाळणारी ही मराठी नावे कोणत्याही भाषांतरित संज्ञेपेक्षा यहुदी धर्माच्या स्वरूपावर अधिक प्रकाश टाकतात.

यावरून यहुदी कर्मठ व ख्रिस्ती भक्तिमार्गी अशी वाटणी करणे मराठीत फार सोपे आहे, आणि ती चुकीची आहे. निर्गमाच्या ग्रंथात समुद्र आधी दुभंगतो, सीनाय पर्वतावरील आज्ञा त्यानंतर येतात. नियम पाळल्यामुळे सुटका झालेली नाही. सुटका झालेल्यांना नियम मिळाले आहेत. कृपा ही ख्रिस्ती धर्माची मक्तेदारी नव्हे. हा क्रम लक्षात न घेता यहुद्यांना पूर्वमीमांसकांच्या आणि ख्रिस्त्यांना वारकऱ्यांच्या रांगेत बसविणे म्हणजे दोन्ही धर्मांना आपल्या घरातील भांडणात ओढणे होय.

ना. वा. टिळकांच्या (1861–1919) काव्याबद्दलही याच कारणासाठी सावध राहिले पाहिजे. 1895 मध्ये बाप्तिस्मा घेतलेल्या या कवीने ख्रिस्ताकडे जाणारी आपली वाट तुकोबांवरून गेल्याचे सांगितले. त्यांनी आरंभलेले आणि लक्ष्मीबाईंनी वाढविलेले 'ख्रिस्तायन' 1938 मध्ये प्रसिद्ध झाले. त्याची भाषा सोवळीओवळी नसून घरगुती आहे, हा त्याचा मोठा गुण. तथापि संतकाव्याची परिभाषा स्वीकारताना तिच्यातील मुक्तीही बरोबर येते. पुणतांब्याच्या चांगदेवांचे उदाहरण घ्यावे. योगबळाने काळाला वंचना करणारा हा योगी आपल्या सामर्थ्याचा ताठा सोडून मुक्ताबाईंचा शिष्य होतो, ही कथा ख्रिस्ती कीर्तनकाराला अगदी हाताशी आलेली वाटेल, कारण स्वतःच्या बळाने तारण नाही हेच त्यालाही सांगावयाचे असते. पण मुक्ताबाई चांगदेवांचे ऋण फेडीत नाहीत. त्या त्यांचे अज्ञान दूर करतात. ज्ञानदेवांच्या पासष्ट ओव्यांत गुन्हा नाही, न्यायासन नाही, भरपाईही नाही; पाहणारा व पाहिला जाणारा यांतील भेदच तेथे मावळतो. जीव आणि देव यांचे असे ऐक्य यहुदी व ख्रिस्ती दोघेही नाकारतील. या ठिकाणी ते दोघे एका बाजूस असतात आणि गोदाकाठ दुसऱ्या बाजूस. अभंगाच्या गोडव्यात हे अंतर बुडते. टिळकांच्या रसिकांनी त्याची दखल घेतलेली क्वचितच आढळते.

राहता राहिला एलीया. मलाखीच्या वचनाप्रमाणे तो येणार आणि त्यामागून अभिषिक्त. 'मशीहा' व 'ख्रिस्त' हे एकाच अर्थाचे दोन भाषांतील शब्द असूनही मराठीत एक यहुद्यांचा आणि दुसरा ख्रिस्त्यांचा होऊन बसला. मत्तयाच्या शुभवर्तमानात येशू आपल्या श्रोत्यांना सांगतो की, येणारा एलीया तो योहानच. म्हणजे ख्रिस्ती गणनेत एलीया येऊन गेला आहे. बेने इस्राएलांच्या घरी 'एलियाहू हनाबी'च्या नावाने मलिदा होतो. पोहे, गूळ, ओले खोबरे व फळे यांचे ताट मांडून त्याचे स्तवन केले जाते. अलिबागेजवळील खंडाळे येथील खडकावर त्याच्या रथाच्या खुणा उमटल्याचे त्यांची परंपरा मानते. 1948 नंतर हा समाज मोठ्या संख्येने इस्राएल देशात गेला. तेथे त्यांच्या यहुदीपणाविषयीच शंका काढण्यात आली आणि 1964 मध्ये इस्राएलच्या संसदेने ते इतरांच्या बरोबरीचे यहुदी असल्याचे जाहीर केले, तेव्हा तो वाद शमला. ज्याला ते गेऊला म्हणत आले होते ती भूमी मिळाली, आणि तेथेही मलिद्याचे ताट मांडण्याची चाल त्यांनी सोडली नाही.