तांडेल आणि आज्ञेची भाषा

आग विझविणाऱ्या पथकाच्या नायकास मराठीत काय म्हणावे, हा प्रश्न वरवर पाहता कोशकारांचा आहे. परंतु नायकाचे शिक्षण ज्या भाषेत होते आणि ज्या भाषेत त्याला प्रत्यक्ष आज्ञा द्यावयाची असते, त्या दोहोंत अंतर पडले की तो कोशाबाहेर येतो व जीवितवित्ताचा प्रश्न होतो.

प्रथम शब्द पाहू. पुण्याच्या अग्निशमन दलात फायरमनांच्या टोळीवरील नायकास 'तांडेल' म्हणतात. हा शब्द दर्यावरचा. खलाशांचा म्होरक्या तो तांडेल. 'बंब' हा पोर्तुगीज 'बोंबा'पासून, म्हणजे पंपापासून आला. दोन्ही शब्द कामाबरोबर आले, म्हणून रुजले. याउलट सरकारी जाहिरातींतील 'अग्निशमन विमोचक' पाहावा. 'फायरमन रेस्क्यूअर' या इंग्रजी जोडनामाचे ते शब्दशः रूपांतर होय. समास समजून त्याचा विग्रह करू गेल्यास 'अग्निशमनापासून सोडविणारा' असा भलताच अर्थ हाती येतो! 'प्रमुख अग्निशामक' हे पद निर्दोष आहे खरे. पण त्यात केवळ दर्जा आहे. 'तांडेल' म्हणताच त्याच्यामागची टोळी दिसते.

नायकांच्या शिक्षणाची आपल्याकडील मुख्य संस्था म्हणजे नागपूरचे राष्ट्रीय अग्निशमन सेवा महाविद्यालय. 1956 साली रामपूर येथे स्थापन झालेली ही संस्था 1957 मध्ये नागपुरास आली. सब ऑफिसर, स्टेशन ऑफिसर, डिव्हिजनल ऑफिसर अशा चढत्या पायऱ्यांचे अभ्यासक्रम तिने घडविले. ती अखिल भारतीय असल्याने तेथील अध्यापन मराठीत व्हावे अशी अपेक्षा कोणी करणार नाही. प्रस्तुत लेखकाचा आक्षेप पुढच्या टप्प्यावर आहे: शिकून परतलेल्या नायकाच्या हाती मराठी आज्ञा कोण देतो?

आज्ञेचे मोल किती, हे 14 एप्रिल 1944 रोजी मुंबईच्या गोदीत दिसले. 'फोर्ट स्टिकीन' जहाजावर कापसाच्या गाठी आणि स्फोटके एकत्र होती. कप्तान, अग्निशमन अधिकारी, गोदीचे अधिकारी व स्फोटकांचे लष्करी जाणकार, सारे हजर होते. पाणीही भरपूर होते. जहाज बुडवावे, गोदीबाहेर न्यावे, की पाणीच मारीत राहावे, याचा निर्णय देणारा एक अधिकार मात्र तेथे नव्हता. त्या दुर्घटनेत अग्निशमन दलाचे 66 जण गेले.

आता गोदीवरून मराठवाड्यात यावे. औंढा नागनाथ तालुक्यातील जवळा बाजार हे नावाप्रमाणेच बाजारपेठेचे गाव. भोवती कापूस, सोयाबीन, हळद यांची शेती. अशा गावी सुडी पेटली की बंब बाहेरगावाहून येईपर्यंत घागरी, बादल्या, कृषिपंपाचे पाइप घेऊन माणसे धावलेली असतात. नायक उतरतो तेव्हा त्याच्याजवळ चारपाच शिक्षित जवान व शंभर अशिक्षित हात असतात. या शंभरांचे नायकत्व हाच त्याच्या कामाचा कठीण भाग, आणि तो भाषेचा भाग आहे. दाबलेल्या कापसाच्या गाठीत आग आतल्या आत धुमसते. वरचे पाणी तेथवर पोहोचत नाही, गाठ ओढून फोडावी लागते. सोयाबीनची पेटलेली सुडी बहुधा गेलेलीच असते. वाचवावयाची ती शेजारची, वाऱ्याच्या दिशेची. परंतु ज्याची सुडी पेटली तो धनी हे कसे ऐकणार? शिक्षणात या तत्त्वास 'एक्स्पोजर' हे नाव आहे; त्याचा 'अनावरण' असा प्रतिशब्द करून त्या धन्यास काय उमगेल? 'पेटली ती सोडा, वाऱ्याखालची ओढा' एवढे एक वाक्य, एका दमात, धुरातून ऐकू जाईल असे, त्याला हवे असते.

अशी वाक्ये परिभाषा-समितीच्या बैठकीत होत नाहीत. ती अनुभवी तांडेलांच्या तोंडून टिपून घ्यावी लागतील, कवायतीत पारखावी लागतील, आणि ज्या मुलखात वापरावयाची तेथील बोलीवर घासावी लागतील. जवळ्याकडे 'विझव'चे 'इझव' होते, ते तसेच राहू द्यावे. 'होज', 'ब्रँच', 'हायड्रंट' यांना हात लावण्याचेही कारण नाही. जवानांनी ते केव्हाच मराठी करून टाकले आहेत.